विश्लेषण : ‘पेपर ४८ तासांत छापून देतो’… पण तो वाचला कोणी?

यूजीसीने जर्नलची ‘केअर’ यादी बंद केली, पीएचडीसाठी शोधनिबंध छापण्याची सक्तीही काढली. तरीही पेपर छापून घेण्याची घाई कमी झालेली नाही. चांगले जर्नल ओळखायचे कसे, पैसे द्यायचे का आणि समीक्षकांनी पेपर परत पाठवला तर काय करायचे?

‘कॉल फॉर पेपर्स. इंटरनॅशनल जर्नल. हाय इम्पॅक्ट फॅक्टर. ४८ तासांत स्वीकृती. प्रत्येक लेखकाला स्वतंत्र ई-सर्टिफिकेट.’ पीएचडी करणाऱ्यांच्या किंवा प्राध्यापकांच्या एखाद्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर असा रंगीत फलक तुम्ही पाहिला असेलच. खाली एक मोबाइल क्रमांक आणि पैसे भरायला क्यूआर कोड.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्हीही असाच एक पेपर ‘प्रसिद्ध’ केला होता. चौघांचा ग्रुप, आरएफआयडी कार्डवर हजेरी घेणारा प्रोजेक्ट. (आधीच्या तीन बॅचनीही हाच प्रोजेक्ट केला होता, पण ते तेव्हा कोणी बोलले नाही.) सोमवारी रात्री पेपर पाठवला, बुधवारी दुपारी स्वीकारल्याचा मेल आला. समीक्षकाचा अभिप्राय एका शब्दाचा : ‘गुड’. अठराशे रुपये भरले, माणशी साडेचारशे. सर्टिफिकेटच्या रंगीत प्रिंट काढून फाइलला लावल्या, तोंडी परीक्षेत गुणही मिळाले. हा लेख लिहायला घेतला तेव्हा तो पेपर शोधून पाहिला. त्या जर्नलची वेबसाइट आता उघडत नाही. पेपर कुठेच नाही. बायोडेटात मात्र त्याची एक ओळ अजून आहे.

आमचे त्यात फारसे बिघडले नाही. पण तोच पेपर एखाद्या संशोधक विद्यार्थिनीच्या तीन वर्षांच्या प्रयोगांचा असता तर? एका जर्नलमध्ये छापून आलेले संशोधन दुसरे चांगले जर्नल पुन्हा घेत नाही. म्हणजे काम अस्सल असूनही ते अशा बंद पडलेल्या वेबसाइटबरोबर बुडते.

जर्नलमध्ये पेपर जातो म्हणजे नेमके काय होते?

शोधनिबंध जर्नलच्या पोर्टलवर अपलोड करावा लागतो. सोबत संपादकाला पत्र, सर्व लेखकांची संमती, पैसा कुठून आला याची माहिती. आधी सॉफ्टवेअरवर साम्य तपासले जाते. मग संपादक स्वतः पेपर चाळतो. विषय जर्नलच्या कक्षेत बसत नसेल किंवा नवे काही नसेल तर तिथूनच परत. याला ‘डेस्क रिजेक्शन’ म्हणतात आणि नावाजलेल्या जर्नलमध्ये मोठ्या संख्येने पेपर याच टप्प्यावर गळतात.

टिकलेला पेपर त्याच विषयातल्या दोन-तीन अभ्यासकांकडे जातो. हाच पीअर रिव्ह्यू, म्हणजे समकक्षांकडून परीक्षण. समीक्षक कोण हे लेखकाला सहसा कळत नाही. सामाजिक शास्त्रांत बहुतेक वेळा लेखक कोण हेही समीक्षकाला कळू देत नाहीत. या कामाचे समीक्षकाला बहुधा एक पैसाही मिळत नाही. आपले अध्यापन, प्रयोगशाळा सांभाळून तो हे करतो, त्यामुळे निर्णय यायला काही महिने लागतात, कधी वर्षही उलटते. ४८ तासांत स्वीकृती हा दावा इथेच उघडा पडतो. तेवढ्या वेळात दोन समीक्षक सापडून ‘हो, वाचतो’ असे उत्तरही येत नाही.

ही पद्धत अनादि काळापासूनची नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ १६६५ साली सुरू झाले, पण बाहेरच्या समीक्षकांकडून सक्तीने परीक्षण हा नियम बऱ्याच जर्नलनी विसाव्या शतकात केला. ‘नेचर’ने तर १९७३ मध्ये.

आइन्स्टाइनचा पेपरही परत आला होता?

हो, आणि त्यांना तो राग आवरला नव्हता. १९३६ मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’ला एक पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका समीक्षकाकडे पाठवला आणि आलेल्या सविस्तर आक्षेपांसह आइन्स्टाइनकडे परत केला. आइन्स्टाइन भडकले. पेपर छापायला दिला होता, कुणा तज्ज्ञाला दाखवायला नव्हे, अशा अर्थाचे पत्र लिहून त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या जर्नलकडे दिला.

गंमत पुढे आहे. समीक्षकाचे म्हणणे बरोबर होते. ते होते हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. त्यांनी आइन्स्टाइनच्या नव्या सहायकाला गप्पांच्या ओघात ती चूक समजावून सांगितली आणि पेपर छापून येण्याआधी निष्कर्ष बदलला गेला. त्याच लहरी २०१५ मध्ये प्रत्यक्ष नोंदवल्या गेल्या. त्यांचा वेध घेण्यासाठीच आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेचा प्रकल्प हाती घेतला आहे. समीक्षक नसता तर चूक छापून गेली असती, तीही आइन्स्टाइन यांच्या नावाने.

मग हे ४८ तासांवाले आले कुठून?

पूर्वी जर्नलचा खर्च वाचक भागवायचा. विद्यापीठाचे ग्रंथालय वर्गणी भरायचे. इंटरनेट आल्यावर ‘ओपन ॲक्सेस’ची मागणी पुढे आली : संशोधन सर्वांना मोफत वाचता यावे, प्रकाशनाचा खर्च लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने द्यावा. कल्पना चांगलीच होती. पण पैसे लेखकाकडून येऊ लागले, की जितके पेपर स्वीकारू तितकी कमाई. हे ज्यांच्या लक्षात आले त्यांनी परीक्षणाची पायरीच काढून टाकली. अमेरिकेतील ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा जर्नलना ‘प्रिडेटरी’ म्हणजे शिकारी हे नाव दिले.

२०१३ मध्ये ‘सायन्स’साठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी एक सापळा रचला. एका काल्पनिक आफ्रिकी शास्त्रज्ञाच्या नावाने, ढोबळ चुका असलेला बनावट पेपर त्यांनी ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलना पाठवला. १५७ जर्नलनी तो स्वीकारला. आपल्यासाठी त्यातला कडू भाग असा की सापळ्यातली सुमारे एक तृतीयांश जर्नल भारतात मुळे असलेली निघाली. त्यांपैकी ६४ जर्नलनी पेपर घेतला, फक्त १५ जर्नलनी नाकारला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील एका प्राध्यापकाने मेलच्या माऱ्याला वैतागून एका जर्नलला जुना विनोदी पेपर पाठवला. ‘मला तुमच्या मेलिंग लिस्टमधून काढा’ हे एकच वाक्य, त्यात एक शिवी घालून, दहा पाने. तोही ‘एक्सलंट’ शेऱ्यासह स्वीकारला गेला आणि १५० डॉलर भरा, असा निरोप आला.

हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला. परीक्षणाबाबत आणि शुल्काबाबत संशोधकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

यूजीसीची यादी होती ना?

होती. २०१७ मध्ये यूजीसीने मान्य जर्नलची भलीमोठी यादी काढली. त्यात विद्यापीठांनी शिफारस केलेली जर्नलही सामावून घेतली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी या शिफारशींतून आलेल्या १००९ जर्नलची तपासणी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक जर्नल कमी दर्जाची असू शकतात असे दिसले. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून ४३०५ जर्नल वगळली आणि २०१९ मध्ये नवी ‘यूजीसी-केअर’ यादी आणली. तिचे मुख्य काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चालायचे.

सहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, यूजीसीने ही यादीही बंद केली. यादी फार केंद्रित झाली, जर्नल आत घेण्या-काढण्यात विलंब होतो, भारतीय भाषांतल्या जर्नलवर अन्याय होतो, अशा तक्रारी होत्या आणि त्यांत तथ्य होते. त्याऐवजी आठ गटांत विभागलेले ३६ निकष सुचवण्यात आले आणि ते वापरून जर्नल ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर, महाविद्यालयांवर आली.

कागदावर हे बरोबर वाटते. प्रत्यक्षात तालुक्याच्या महाविद्यालयात वाणिज्य, मराठी आणि भूगोल या तिन्ही विषयांची जर्नल तपासायची कुणी? आधी ‘केअरमध्ये आहे का?’ या एका प्रश्नावर काम भागत होते. यादी सदोष होती, तरी तिच्यामुळे ‘सर, हे जर्नल यादीत नाही’ एवढे तरी कनिष्ठ प्राध्यापकाला म्हणता येत होते. आता तोही आडोसा गेला. ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असे आजही कुणी जाहिरातीत मिरवत असेल, तर ते जुने नाणे आहे.

पीएचडीला सक्ती नाही, मग घाई कशाची?

२०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध छापून येणे बंधनकारक होते. नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत ही अट राहिली नाही. विद्यापीठे आपल्या पातळीवर अट ठेवू शकतात, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक बघूनच निश्चिंत व्हावे.

खरा दबाव नोकरीचा आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्रत्येक शोधनिबंधाला गुण आहेत : विज्ञान, अभियांत्रिकीत ८ आणि भाषा, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य अशा विषयांत १०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. सहयोगी प्राध्यापक पदाच्या थेट भरतीसाठी किमान सात प्रकाशने, प्राध्यापक पदासाठी दहा. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या, नेट-सेट होऊनही जागा निघण्याची वाट पाहणाऱ्या उमेदवाराला प्रत्येक गुण मोलाचा. दोन हजारांत आठ-दहा गुण मिळत असतील तर तो मोह होणारच, आणि त्याला एकट्याला दोषी धरण्यात अर्थ नाही. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, नोंदणी शुल्क, दुपारचे जेवण आणि आलेले सगळे पेपर एखाद्या ‘मल्टिडिसिप्लिनरी’ जर्नलच्या विशेषांकात, ही साखळी ज्या संस्था चालवतात त्यांना प्रश्न कोण विचारतो?

मराठीतून संशोधन करणाऱ्यांची कुचंबणा तर वेगळीच आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ किंवा मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ यांसारख्या नियतकालिकांत लेख येणे हा अभ्यासकांच्या जगात मान आहे. पण गुणांचा तक्ता भरताना ‘इम्पॅक्ट फॅक्टर किती?’ हा रकाना समोर येतो आणि गाडी अडते.

पैसे भरायचे की नाही?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. पेपर छापायला पैसे लागतातच, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. वर्गणीवर चालणारी असंख्य प्रतिष्ठित जर्नल लेखकाकडून काहीच घेत नाहीत. मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या अनेक जर्नलमध्ये दोन पर्याय असतात : पैसे भरून लेख सर्वांना खुला करा, किंवा काही न भरता वर्गणीदारांपुरता ठेवा. दुसरा पर्याय निवडला म्हणून पेपर कमी दर्जाचा ठरत नाही. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ही लेख छापण्यासाठी पैसे मागत नाही.

उलट, शुल्क घेणारे प्रत्येक जर्नल बनावट नसते. ‘नेचर’ने २०२० मध्ये खुल्या प्रकाशनासाठी ९५०० युरो शुल्क जाहीर केले, तेव्हाचे आठ लाख रुपयांहून अधिक. त्यावर टीका भरपूर झाली, पण तिथे परीक्षण होत नाही असे कोणी म्हणणार नाही. फरक एवढाच पाहायचा की शुल्काचा आकडा वेबसाइटवर आधीच, स्पष्ट दिला आहे का, आणि तो परीक्षणानंतर मागतात की आधी. वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर पैसे मागितले तर पुढे वाचायचीही गरज नाही.

दुसरी बाजू वाचण्याची. दुसऱ्यांचे पेपर वाचल्याशिवाय आपला लिहिता येत नाही आणि तेच महाग होते. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल खुली केली आहेत. लाभ केंद्र आणि राज्य सरकारच्या ६३०० हून अधिक संस्थांना. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. अनेकांनी अजून लॉगिनही केलेले नाही.

फोनवर जर्नल कसे तपासाल?

आयएसएसएन क्रमांक पाहून भुलू नका. तो फक्त नियतकालिकाची ओळख आहे, दर्जाचा दाखला नव्हे. भारतात तो मोफत मिळतो. ‘गुगल स्कॉलरमध्ये दिसतो’ हाही पुरावा नाही, तिथे बरेच काही दिसते. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या आधीच्या दोन वर्षांच्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले गेले याचा आकडा. मूळ आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. तिचे नाव न घेता ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ अशी विशेषणे लावलेला फॅक्टर दिसला तर सावध व्हा.

जर्नल ‘स्कोपस’मध्ये असल्याचा दावा असेल तर जर्नलच्या वेबसाइटवरचा लोगो पाहू नका, स्कोपसच्या स्वतःच्या साइटवर नाव शोधा आणि तिथली वर्षे वाचा. कित्येक जर्नल यादीतून काढलेली असतात आणि जाहिरातीत तशीच राहतात. ओपन ॲक्सेस असेल तर ‘डीओएजे’ या निर्देशिकेत पाहा. एखाद्या जुन्या लेखाचा डीओआय क्रमांक टाकून लेख उघडतो का ते बघा. आमच्या हजेरीवाल्या पेपरलाही डीओआयसारखा दिसणारा क्रमांक होता. तो कशालाच जोडलेला नव्हता. संपादक मंडळातल्या एकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून विचारा. कधी कधी त्या बिचाऱ्याला आपण मंडळावर आहोत हेच माहीत नसते. आणि सर्वांत धोकादायक म्हणजे क्लोन : खऱ्या जर्नलचे नाव, खरा आयएसएसएन, फक्त वेबसाइट बनावट. म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीही पेपर पाठवू नका.

मोठे नाव असले म्हणजे निर्धास्त, असेही नाही. ‘वायली’ या जुन्या प्रकाशनाने २०२१ मध्ये विकत घेतलेल्या ‘हिंदावी’च्या जर्नलमधून केवळ २०२३ मध्ये आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले. विशेषांकांच्या वाटेने पेपर ‘तयार करून विकणाऱ्या’ टोळ्या आत शिरल्या होत्या. साम्याची टक्केवारी कमी दिसावी म्हणून शब्द बदलणारी सॉफ्टवेअर वापरली की काय होते, तेही संशोधकांनी पकडले आहे : ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे चक्क ‘बूझम पेरिल’! समीक्षकाने एक परिच्छेद जरी वाचला असता तरी हे सापडले असते.

‘मेजर रिव्हिजन’ आले म्हणजे नकार का?

नाही, ही चांगली बातमी आहे. संपादकाला पेपरमध्ये रस आहे, असा त्याचा अर्थ. समीक्षकांचे सगळे मुद्दे क्रमाने एका फाइलमध्ये उतरवा. प्रत्येकाखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर, ते लिहा. समीक्षक चुकला आहे असे वाटले तर तसे लिहिता येते, पण पुरावा आणि संदर्भ देऊन. ‘समीक्षकाला विषय कळलेला नाही’ हे वाक्य मनात ठेवायचे. त्याला कळले नसेल तर बहुधा आपला परिच्छेद धड लिहिलेला नाही. मुदत कमी वाटली तर संपादकाला मेल करून वाढवून मागा, सहसा मिळते.

सरळ नकार आला तरी आलेल्या टिपा वापरून पेपर दुरुस्त करा आणि मग दुसरीकडे पाठवा. एकाच वेळी दोन जर्नलना मात्र पाठवू नका. पकडले गेलात तर दोन्हीकडे नाव खराब होते.

आणि शिकारी जर्नलमध्ये पेपर अडकलाच असेल तर? पैसे भरले नसतील आणि कॉपीराइटच्या कागदावर सही केली नसेल, तर आजच लेखी मेल पाठवून पेपर मागे घ्या आणि तो मेल जपून ठेवा. ‘मागे घ्यायचे शुल्क’ मागतील. ते भरण्याआधी गाईडना आणि विद्यापीठाच्या संशोधन विभागाला कळवा. दुसऱ्या जर्नलकडे जाताना घडलेले सगळे संपादकाला पत्रात सांगा. छापून झाल्यावर वाट बरीच अरुंद होते.

आमच्या त्या चौघांच्या ग्रुपमधली एक मैत्रीण आता पीएचडी करते आहे. बायोडेटातून तिने हजेरीवाला पेपर केव्हाच काढून टाकला. तिचा पहिला खरा पेपर एका जर्नलने चार दिवसांत परत पाठवला. दुसऱ्या जर्नलकडून पाच महिन्यांनी उत्तर आले : तीन समीक्षक, ३१ मुद्दे. परवा फोन केला तेव्हा ती एकोणिसाव्या मुद्द्यावर होती. ‘याने माझ्या ग्राफच्या अक्षावरचे एकक चुकल्याचे पकडलंय रे,’ म्हणाली. आवाजात राग नव्हता.